बक्षिसाचा पैसा आणि हिशेबाची वही

दहीहंडीला पंधरा-वीस दिवस उरले की लालबाग, परळ, वरळी, दादरच्या नाक्यांवर फलक झळकू लागतात. फलकावर सर्वांत ठसठशीत अक्षरे असतात ती बक्षिसाच्या रकमेची. शेजारी नेत्याचा चेहरा, मग प्रतिष्ठानचे नाव आणि अगदी तळाशी स्थळ-वेळ. ही रक्कम कोणाच्या खिशातून आली, कोणत्या खात्यातून निघाली, प्रत्यक्षात कोणाच्या हाती किती पडली, हे त्या फलकावर नसते आणि गोपाळकाला उरकल्यावर दुसऱ्या कोणत्या फलकावर येतही नाही. गिरगाव ते दादर या पट्ट्यातल्या खेळांचा इतिहास पाहिला तर हा मौनाचा प्रघात तसा अलीकडचा आहे. त्याआधी याच वस्तीत बक्षिसाचा पैसा जमवण्याच्या आणि त्याचा हिशेब देण्याच्या दोन पक्क्या रीती होत्या. आज संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या खेळांच्या स्पर्धांत, म्हणजे ई-स्पोर्ट्समध्ये, कोट्यवधींची बक्षिसे लागतात आणि ती येतात कुठून, हा प्रश्न जगभर विचारला जातो. गिरणगावाने, म्हणजे लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीने, तो प्रश्न फार आधी हाताळला होता. त्या अनुभवातून मला जे दिसते ते असे: स्पर्धा किती काळ टिकेल आणि खेळाडूच्या वाट्याला काय येईल, हे बक्षिसाच्या आकड्यावर ठरत नाही, बक्षिसाच्या पैशाची वही कोणाच्या हातात आहे, त्यावर ठरते.

जुनी हंडी चाळीची होती. समोरासमोरच्या दोन चाळींच्या गॅलऱ्यांना दोर बांधायचा, मधोमध मडके टांगायचे. त्यामुळे हंडीची उंची आयोजकाच्या हौसेवर जात नसे, चाळीच्या मजल्यावर जाई. चार थर, फार तर पाच. मडक्याभोवती फुलांची माळ, काकडी, केळी, नारळ आणि त्यांच्याबरोबर एक-दोन-पाचाच्या नोटांची माळ. ही नोटांची माळ नीट पाहण्यासारखी आहे, कारण बक्षिसाची सगळी रक्कम त्यात उघड्यावर लटकत असे. खाली उभ्या पोरांना ती मोजता येई, वर गॅलरीत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईलाही ती मोजता येई, आणि त्यातली एखादी नोट तिच्याच घरची असे. हंडी फोडणारी पोरे शेजारच्या वाडीची किंवा व्यायामशाळेची, म्हणजे तोंडओळखीची. एखादा वरून पडला तर त्याला उचलून नेणारे हात हंडी बांधणाऱ्यांचेच असत. देणारा, खेळणारा आणि जबाबदारी घेणारा हे तिघे एका आवारात राहत होते.

मोठ्या स्पर्धांना मात्र नोटांची माळ पुरत नसे. कबड्डीचे सामने भरवायचे तर मैदान, दिवे, पंच, बाहेरगावच्या संघांची सोय आणि वर चषक व रोख रक्कम, असा खर्च. हा पैसा मंडळे तीन-चार वाटांनी उभा करीत. एक पावतीपुस्तक, ते दारोदार फिरे. दुसरी स्मरणिका. या स्मरणिका मुंबईच्या मध्यमवर्गीय आणि कामगार वस्त्यांच्या इतिहासाचे फार मोलाचे साधन आहेत, आणि त्या जपल्या जात नाहीत याचे दुःख होते. पान उलटले की अर्ध्या पानावर किराणा दुकान, पाव पानावर खानावळ, मग दवाखाना, सोन्याचांदीची पेढी, शिवणकामाचे दुकान, सहकारी बँक, प्रत्येकाखाली शुभेच्छा. स्पर्धेला कोणी कोणी टेकू दिला, याची ती छापील यादीच. तिसरी वाट नाटकाची: मंडळाने प्रयोग विकत घ्यायचा, तिकिटे आपण खपवायची आणि उरलेला पैसा कामाला लावायचा. चाकरमान्यांच्या कोकणी ग्रामस्थ मंडळांनी गावच्या शाळा-देवळांसाठी हाच मार्ग चोखाळला, आणि परळचे दामोदर नाट्यगृह अशा प्रयोगांनी गजबजलेले असे. हे सारे झाल्यावर जमाखर्च मांडला जाई. पाच रुपये देणाऱ्याचेही नाव, रक्कम आणि पावती क्रमांक. समोर खर्चाच्या बाबी. खाली शिल्लक किंवा तूट, आणि खजिनदाराची सही. मंडळाच्या काळ्या फळ्यावर लागलेला तो कागद वाचायला थांबणारे लोक होते, आणि आकडा पटला नाही तर सर्वसाधारण सभेत आवाज चढवणारेही होते.

इथे कोणी म्हणेल की वर्गणीचे हे फार गोड चित्र झाले. वर्गणीत बळजबरी होती, दुकानदारांना धमकावून रक्कम उकळली जाई, न देणाऱ्याच्या पाटीवर दगड पडे. हा आक्षेप खरा आहे आणि तो जुनाही आहे. सार्वजनिक वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तिचा हिशेब द्यावा लागतो, ही तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात उगाच आलेली नाही. पण या आक्षेपातून निष्पन्न काय होते ते पाहावे. जबरदस्तीची वर्गणी लोकांना खुपली, तिच्याविरुद्ध तक्रार करता आली, कायदा मागता आला, कारण ती रक्कम आपली आहे हे देणाऱ्याला ठाऊक होते. दारावर येणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याचा, निदान कुरकुरण्याचा, हक्क दुकानदाराला होता. ज्या बक्षिसासाठी आपल्याकडे कोणी पाच रुपयेही मागितले नाहीत, त्याच्याबद्दल कुरकुरणार तरी कोण?

दुसरी रीत सरकारी होती, आणि माझ्या मते ती जास्त विचार करण्याजोगी आहे. १९५३ साली मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला. या निधीत पैसा कुठून येणार होता हे वाचले की आजही थबकायला होते. गिरण्या-कारखान्यांत कामगाराला दंड होई. तो दंड मालकाने खिशात न घालता कामगारांच्याच हितासाठी खर्चावा, असे वेतन प्रदान कायद्यात आधीपासून होते. तो दंड आता या निधीत यायचा. शिवाय ज्याचा पगार, बोनस किंवा अन्य देणे मालकाकडे थकून राहिले आणि मागायला कोणी आलेच नाही, म्हणजे गावी गेलेला, मेलेला, बदली म्हणून चार दिवस येऊन हरवलेला कामगार, त्याची ती बेवारस रक्कमही याच निधीत यायची. गिरणीमालकांनी हे मुकाट्याने मानले नाही. बॉम्बे डाइंगने आव्हान दिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि थकीत वेतन निधीत ओढण्याची मूळ तरतूद न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. नंतर कायद्यात दुरुस्ती करून हक्कदाराला पुढे येऊन आपली रक्कम मागण्याची वाट ठेवावी लागली, त्यासाठी नोटिसा लावणे बंधनकारक झाले. पुढे कामगार आणि मालक या दोघांची वर्षातून दोनदा, जूनला आणि डिसेंबरला, ठरावीक वर्गणी सुरू झाली. सरकारनेही आपला वाटा घातला. कामगाराच्या पगारपत्रकावर ती कपात दिसते. चहाच्या खर्चाएवढी, पण दिसते.

या पैशातून काय झाले? ललित कला भवने उभी राहिली, वाचनालये, शिवणवर्ग, बालवाड्या चालल्या, कामगार नाट्यस्पर्धा सुरू झाल्या, आणि कामगारांच्या कबड्डी स्पर्धाही. सेनापती बापट मार्गावरच्या ज्या वास्तूतून कामगार कल्याण मंडळाचा कारभार चालतो तिचे नावच हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडाभवन आहे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी चिरडला गेलेला गिरणी कामगार, त्याचे नाव, आणि त्याच्यासारख्यांच्या कपातीतून चालणारे मैदान. त्या मैदानावर दिल्या गेलेल्या रोख बक्षिसात कोणाची तरी दंडाची दमडी, कोणाची तरी न उचललेली मजुरी मिसळलेली होती. बक्षिसे छोटी होती. पण निधीच्या मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी बसत, हिशेब तपासनिसाकडे जाई आणि विधिमंडळात त्यावर प्रश्न विचारता येई. गल्लीतल्या काळ्या फळ्याचेच हे कायद्यातले रूप म्हणता येईल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले फार थोडे पुन्हा आत गेले. संपाने घरे उद्ध्वस्त झाली, हे पुष्कळांनी लिहिले आहे. खेळाच्या अंगाने त्याचा परिणाम असा, की वर्गणी आणि कपात या दोन्ही झऱ्यांचा उगम एकच होता, तो म्हणजे महिन्याचा पगार, तोच आटला. पोरे होती, व्यायामशाळा होत्या, कबड्डीचे अंगण होते, फक्त पावती फाडणारा हात रिकामा झाला. ही पोकळी फार काळ राहिली नाही. १९६६ नंतर गल्लोगल्ली पसरलेल्या शिवसेनेच्या शाखा, मग इतर पक्षांची कार्यालये, आणि नव्वदच्या दशकापासून गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होऊ लागल्यावर वस्तीत शिरलेला बांधकाम व्यावसायिक, अशा क्रमाने नवे देणारे आले. सामन्यांची नावे बदलली: कोणाच्या स्मरणार्थ खेळला जाणारा चषक मागे पडला, आमदार चषक, नगरसेवक चषक पुढे आले. मालिकावीराला मोटारसायकल मिळू लागली. आणि हंडी गॅलरीच्या दोरावरून सुटून क्रेनच्या हुकाला लागली.

क्रेन आली आणि हंडीला मजल्याचे बंधन उरले नाही. मोठ्या हंडीचे अर्थकारण बारकाईने पाहिले पाहिजे, कारण फलकावरचा आकडा आणि पथकाच्या हाती येणारा पैसा यांत फार अंतर असते. पथक आयोजकाकडे येते आणि सलामी देते. सलामीचा दर थरांवर: पाच थरांना इतके, सहाला इतके, सातला इतके. हे आकडे हजारांत असतात. फलकावरचे लाख असतात ते नऊ किंवा दहा थरांसाठी, आणि ते रचू शकणारी पथके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावून स्पेनमधल्या मानवी मनोऱ्यांचा जुना विक्रम मागे टाकला, तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. म्हणजे आयोजकाची अवस्था अशी, की आकडा जितका मोठा लिहावा तितका तो द्यावा लागण्याची शक्यता कमी; प्रसिद्धी मात्र आकड्याच्या प्रमाणात. पथकाचे गणित याच्या उलट. टीशर्ट, ट्रक, दिवसभराचे जेवण आणि दोन महिन्यांचा सराव हा खर्च आधीच झालेला असतो, आणि तो भरून काढायला एका दिवसात आठ-दहा ठिकाणी सलामी द्यावी लागते. दुपारनंतर थकलेल्या खांद्यांवर वरचा थर चढतो तो या हिशेबापायी. त्या संध्याकाळी परळच्या केईएमसारख्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या जखमींचा संबंध पुष्कळदा धाडसाशी जोडला जातो. मला तो सलामीच्या दरपत्रकाशी जास्त दिसतो.

उंचीचे प्रकरण शेवटी न्यायालयात गेले यात नवल नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा आणि अठरा वर्षांची अट घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत बऱ्याच येरझारा होऊन २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट चौदावर आली. या सगळ्या वादात थर मोजले गेले, फूट मोजले गेले, वये मोजली गेली. थर कोणाच्या पैशाने चढतात हे मात्र कोणी मोजले नाही. एकच देणारा असला की काय होते, हे २०१९ च्या ऑगस्टमध्येही दिसले. सांगली-कोल्हापुरात महापूर आला आणि मुंबई-ठाण्यातल्या अनेक बड्या आयोजकांनी हंड्या रद्द केल्या. पूरग्रस्तांना मदत हवीच होती, त्या निर्णयाला नावे ठेवता येणार नाहीत. पण सराव करून बसलेल्या पथकांचा त्या निर्णयात काहीही आवाज नव्हता, हेही तितकेच खरे. तीन वर्षांनी, पालिकेची मुदत संपलेली आणि निवडणूक डोक्यावर असताना, वरळीच्या जांबोरी मैदानावर कोणत्या पक्षाने हंडी बांधायची याची चढाओढ लागली. खेळ तोच, पोरे तीच. पैसा येणे-न येणे देणाऱ्याच्या निकडीवर.

आता ई-स्पोर्ट्सकडे पाहू. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या डोटा २ या खेळाची ‘द इंटरनॅशनल’ नावाची स्पर्धा २०११ मध्ये सुरू झाली, तेव्हा सोळा लाख डॉलरचे बक्षीस कंपनीने स्वतः लावले होते. २०१३ पासून कंपनीने खेळणाऱ्यांना एक डिजिटल पुस्तिका विकायला काढली. किंमत दहा डॉलरच्या आसपास, आणि त्यातला चौथा हिस्सा बक्षिसात. ही म्हणजे जगभर फिरणारे पावतीपुस्तकच. २०२१ मध्ये त्या स्पर्धेचे बक्षीस चार कोटी डॉलरवर गेले. लाखो लोकांनी थोडे थोडे दिले, म्हणून हे वर्गणीचे मोठे यश मानले गेले. मग कंपनीने २०२३ मध्ये विक्रीची ती पद्धत बाजूला ठेवली आणि बक्षीस तीस लाख डॉलरच्या थोडे वर येऊन थांबले. दोन वर्षांत बारा पटींहून जास्त घसरण. देणारे लाखो असले म्हणजे पुरते असे नाही, हे यातून कळते. इथे देणारे अनेक होते, जमा होणारा आकडा रोज पडद्यावर दिसतही होता, पण पेटी ठेवायची की उचलायची आणि उरलेले तीन हिस्से कुठे जायचे, हे ठरवणारा एकच होता. काळ्या फळ्यासमोर उभे राहून खजिनदाराला जाब विचारण्याची सोय त्यात नव्हती.

इतर ठिकाणी तर देणाराही एकच. रियाधमध्ये २०२४ साली झालेल्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकाचे बक्षीस सहा कोटी डॉलरच्या वर होते. पाठीशी सौदी राज्याची तिजोरी. आपल्याकडे क्राफ्टन कंपनीने बीजीएमआय या मोबाइल खेळाची एक कोटी रुपयांची स्पर्धा २०२१ मध्ये भरवली आणि दादर-परळच्या चाळींतून टॉवरमध्ये गेलेल्या घरांतली मुलेही तिच्या चाळण्या-फेऱ्या खेळू लागली. जुलै २०२२ मध्ये सरकारी आदेशाने तो खेळ मोबाइलवरून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत येईपर्यंत त्याच्यावर उभी असलेली स्पर्धांची सगळी रचना लोंबकळत राहिली. कबड्डीचे अंगण कोणाच्या मालकीचे नसते, पण हा खेळच कंपनीच्या मालकीचा आहे. त्यामुळे इथे देणाऱ्याचा वरचष्मा हंडीच्या आयोजकाहूनही अधिक. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, हे चांगले झाले. जुगाराच्या पैशाची वाट त्याने अडली. बक्षिसाची वही कोणाकडे राहावी, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाच्या बाजूने येतो, आणि त्याला झटकून चालणार नाही. मोठा पैसा आला म्हणून कबड्डीपटू माणसात आला, असे म्हणणारे लोक खेळातलेच आहेत. पूर्वी लालबाग-परळचा चांगला चढाईपटू रेल्वेत, एअर इंडियात किंवा महिंद्रात नोकरी लागावी म्हणून खेळे, आणि पस्तिशीत गुडघे घेऊन बसे. २०१४ च्या जुलैमध्ये वरळीच्या एनएससीआय क्रीडागृहात प्रो कबड्डी सुरू झाली. तिच्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता, आणि चारच वर्षांनी मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले. हे वर्गणीने कधीही झाले नसते. मी ते मान्य करतो, आणि त्या खेळाडूंच्या घरात आलेल्या पैशाचा मला मनापासून आनंद आहे. पण या उदाहरणात खेळाडूला मिळते ते काय, ते तपासावे. ते बक्षीस नव्हे, करार आहे. रक्कम लिलावात उघडपणे ठरते, कागदावर येते, दुखापत झाली तर कोणी काय करायचे हेही लिहिता येते. म्हणजे मोठा पैसा खेळाडूच्या उपयोगी पडला तो जिथे त्याच्याबरोबर वही आली तिथे. फलकावरच्या आकड्यासोबत ती कधी आली नाही.

गोविंदांच्या बाबतीत २०२३ मध्ये सरकारने जे केले ते या दृष्टीने अर्धवट आहे. पन्नास हजार गोविंदांचा विमा उतरवला गेला, दर माणशी ७५ रुपये हप्ता, एकूण साडेसदतीस लाख रुपये, सरकारी तिजोरीतून. त्याच वर्षी एनएससीआयच्या छताखाली प्रो गोविंदा स्पर्धाही झाली. विमा ही चांगलीच गोष्ट आहे. पण लाखाची हंडी लावणारा खासगी आयोजक आणि पडणाऱ्या मुलाची सोय करणारा करदाता, ही वाटणी योग्य नाही. १९५३ च्या कायद्याचे सूत्र इथे सहज लागू करता येईल. ठरावीक रकमेच्या वर बक्षीस जाहीर करणाऱ्याने मैदानाची परवानगी मागतानाच ती रक्कम जमा करावी, तिच्यातला एक हिस्सा विम्याला आणि उपचारांना जावा, न फुटलेल्या हंडीची रक्कम आयोजकाकडे परत न जाता त्या दिवशी सलामी दिलेल्या पथकांत वाटली जावी, आणि महिन्याभरात जमाखर्च धर्मादाय आयुक्तांकडे दाखल व्हावा. कंपन्यांच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धांनाही यातले पहिले आणि शेवटचे कलम तसेच लावता येईल. खेळाडूंचा एक प्रतिनिधी त्या खात्यावर बसवता येईल. अशा नियमाने फलकावरचे आकडे एका वर्षात खाली येतील, हे नक्की. कदाचित निम्म्यावर, कदाचित त्याहून खाली. जे उरतील ते देण्यासाठीच लिहिलेले असतील, आणि त्यांच्या हिशोबाने थर किती लावायचे हे पथकाला आदल्या दिवशी ठरवता येईल.